मॅस्टोडॉन: पंचेचाळीस दिवसांचा अनुभव



मागच्या दोन भागांत आपण पेन्शनरांनी हयातीचा दाखला मोबाइलवरून कसा द्यायचा आणि फसवे फोन कसे ओळखायचे, हे पाहिलं. आजचा विषय तुमच्यापैकी काहींना पोरखेळ वाटेल. मॅस्टोडॉन नावाची एक मायक्रोब्लॉगिंग सेवा आहे. ती मी पंचेचाळीस दिवस रोज वापरून पाहिली. ती कशी चालते, आपल्यासारख्या साठीच्या पुढच्या माणसाला तिचा काय उपयोग आणि कुठे जपून पाऊल टाकायचं, ते आज सांगतो. पण या फंदात मी पडलो कशामुळे, ते आधी सांगायला हवं.

मी सिग्नल्सचा माणूस. नोकरीची बरीच वर्षं वायरलेस सेट, केबल आणि संदेशांच्या कागदांत गेली. निवृत्तीनंतर महूलाच राहिलो. माझ्या एका युनिटमध्ये एक रेडिओ ऑपरेटर होते. पुढे ते सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातल्या आपल्या गावी शेती करू लागले. माण म्हणजे पावसाची वाट पाहणारा मुलूख. त्यांचं नाव इथे घेत नाही, त्यांना ते आवडलं नसतं.

काही वर्षांपूर्वी छोट्या संदेशांच्या एका सेवेवर ते मला अचानक सापडले. रोज सकाळी सहाच्या सुमाराला त्यांची एक ओळ यायची. ‘वारा पश्चिमेचा. ढग आहेत, पाऊस नाही.’ किंवा ‘रात्री पाच मिनिटं भुरभुर. विहिरीत दोन हात पाणी.’ कधी ‘बाजरी उगवली, पाखरं आली.’ एवढंच. मी इकडे चहा घेताना ती ओळ वाचायचो आणि बदामाचं चिन्ह दाबायचो. जवळजवळ दोन वर्षं हे चाललं. आमची रोज भेट होते आहे, असंच मला वाटायचं.

मग एका हिवाळ्यात ती सेवा बंद पडली. तशी सूचना आली होती म्हणे, मी ती वाचली नव्हती. एक दिवस ॲप उघडलं तर पडदा कोरा. म्हटलं, हरकत नाही, सुभेदारसाहेबांना फोन करू. तर माझ्याकडे त्यांचा नंबरच नव्हता! दोन वर्षांत मी तो कधी मागितलाच नव्हता. आज शोधू, उद्या शोधू, यात आठ महिने गेले. युनिटच्या रेझिंग डेला एक जुने हवालदार भेटले. त्यांना विचारलं, तर म्हणाले, “साहेब, ते तर पाडव्याच्या सुमारालाच गेले. तुम्हाला माहीत नाही?”

ज्यांची खबर मी रोज घेत होतो, ते गेल्याची खबर मला सहा महिन्यांनी मिळाली. मी दोष त्या सेवेला देत नाही. दुकान चाललं नाही, त्यांनी बंद केलं. चूक माझी होती. मी आपलं माणूस दुसऱ्याच्या वहीत लिहून ठेवलं होतं आणि स्वतःच्या वहीत त्याच्यासाठी एक ओळसुद्धा ठेवली नव्हती. म्हणून जेव्हा माझ्या नातीने, “आजोबा, ही नवी सेवा बघा, इथे सगळं एका कंपनीच्या हातात नसतं,” असं सांगितलं, तेव्हा मी ठरवलं की या वेळी आत शिरण्याआधी बाहेर पडायची वाट कुठे आहे, ते पाहून घ्यायचं.

छोटा संदेश म्हणजे काय?

मायक्रोब्लॉगिंग म्हणजे ठरलेल्या अक्षरमर्यादेत लिहिलेली जाहीर नोंद. ज्याला तुमचं वाचायचं आहे तो तुम्हाला ‘फॉलो’ करतो. तुम्ही त्याला उलट फॉलो करायलाच हवं असं नाही. व्हॉट्सॲपचा ग्रुप ही बंद खोली आहे, आत कोण बसलं आहे ते माहीत असतं. ही जाहीर नोंद म्हणजे पाराजवळचा फळा. येणारा-जाणारा वाचतो, वाटलं तर दोन शब्द खाली लिहितो.

आम्हा सिग्नल्सवाल्यांना यात नवं काही नाही. आमच्या मेसेज फॉर्मवर प्रत्येक शब्द मोजून लिहावा लागे. कोणाकडून, कोणाला, तारीख-वेळ काय, संदेश किती तातडीचा, हे आधी. मग मजकूर. पाल्हाळ लावला तर सेटवर जास्त वेळ बोलावं लागतं आणि जितका वेळ बोलाल तितका शत्रूला तुमचा ठावठिकाणा काढायला वेळ मिळतो. म्हणून अचूक, थोडक्यात आणि स्पष्ट, हे तीन शब्द प्रशिक्षणात अक्षरशः घोटून घेतले जात. सुभेदारसाहेबांची सकाळची ओळ त्याच शाळेतली होती.

ही अक्षरमर्यादा आली कुठून, तेही गंमतीचं आहे. ट्विटर २००६ साली सुरू झालं तेव्हा ते मोबाइलच्या एसएमएसवर चालायचं. एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात. त्यातली २० लिहिणाऱ्याच्या नावासाठी राखून १४० मजकुराला दिली. आता मराठी माणसाचं दुखणं ऐका. एका एसएमएसची जागा असते १४० बाइट. इंग्रजीचं प्रत्येक अक्षर तिथे सात बिटांत बसतं, म्हणून १६० मावतात. देवनागरीला प्रत्येक खुणेमागे सोळा बिट लागतात, म्हणून मावतात फक्त ७०. त्यातही ‘स्त्री’ हा आपल्या दृष्टीने एका अक्षराचा शब्द सहा जागा खातो: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. मराठीत एसएमएस पाठवणाऱ्याचे पैसे दुप्पट का जात, त्याचं हे कारण.

ट्विटरने २०१७ साली मर्यादा २८० केली. मॅस्टोडॉनवर ती साधारणपणे ५०० आहे. मराठीत दोन-तीन पूर्ण वाक्यं, क्रियापदं न गाळता, आरामात लिहिता येतात.

सेवा येतात, जातात

आपल्या पिढीने हे बरंच पाहिलं आहे. ऑर्कुट २००४ साली आलं. आपल्याकडे घराघरांतली मुलं त्यावर होती. २०१४ साली ते बंद झालं. गुगल प्लस २०११ साली आलं, सर्वसामान्य लोकांसाठी ते एप्रिल २०१९ मध्ये बंद झालं. आपल्या बेंगळुरूत २०२० साली सुरू झालेलं ‘कू’ मराठीसह अनेक भारतीय भाषांत लिहू द्यायचं. ते जुलै २०२४ मध्ये थांबलं. ट्विटर बंद पडलं नाही, पण ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याची मालकी बदलली आणि जुलै २०२३ मध्ये नावही बदलून ‘एक्स’ झालं. घर तेच, पण मालक नवा, पाटी नवी आणि काही नियमही नवे.

यातल्या कोणाला नावं ठेवायची नाहीत. मुद्दा एवढाच की सेवा कितीही मोठी असो, ती आपल्या आधी जाऊ शकते. मग तिथे लिहिलेल्या शब्दांचं आणि जोडलेल्या माणसांचं काय? नवी सेवा वापरून पाहताना माझा मुख्य प्रश्न हाच होता. पडदा किती सुंदर आहे, चित्रं किती पटकन उमटतात, हे नंतर.

मॅस्टोडॉनची रचना

मॅस्टोडॉन म्हणजे हत्तीसारखा एक प्राणी, फार पूर्वी नामशेष झालेला. ही सेवा ऑयगन रोख्को या जर्मनीत राहणाऱ्या तरुणाने लिहिली आणि २०१६ साली लोकांसमोर ठेवली. तिचं सॉफ्टवेअर मुक्त आहे. म्हणजे कोणीही ते फुकट उतरवून आपल्या सर्व्हरवर चालवू शकतो. म्हणून मॅस्टोडॉन एका ठिकाणी नाही. एखादं विद्यापीठ, एखादी संस्था, एखादा हौशी इंजिनिअर, असे अनेक जण आपापला सर्व्हर चालवतात आणि हे सगळे सर्व्हर एकमेकांशी बोलतात.

हे समजायला पोस्ट खात्याचं उदाहरण घेऊ. माझं खातं एका सर्व्हरवर आहे, तुमचं दुसऱ्या. मी तुम्हाला फॉलो केलं की माझा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला कळवतो: ‘आमच्याकडच्या या माणसाला यांचं लिखाण हवं आहे.’ त्यानंतर तुम्ही लिहिलं की तुमचा सर्व्हर त्याची एक प्रत माझ्या सर्व्हरकडे धाडतो. दोन वेगळ्या गावांची पोस्ट ऑफिसं जशी एकमेकांकडे टपाल पोहोचवतात, तसं. ही देवाणघेवाण ज्या नियमांनी होते त्यांना ‘ॲक्टिव्हिटीपब’ म्हणतात. वेबचे मापदंड ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये ते मान्य केले.

त्यामुळे इथला पत्ता दोन भागांचा असतो. आधी तुमचं नाव, मग सर्व्हरचं. आपण पाकिटावर लिहितो ना, नाव आणि खाली मुक्काम पोस्ट अमुक? तसंच. नावाचा हा भाग रोमन अक्षरांतच घ्यावा लागतो. मात्र पडद्यावर दिसणारं नाव देवनागरीत ठेवता येतं, मी तेच ठेवलं.

आत शिरताना

पहिली अडचण इथेच येते. इतर ठिकाणी नाव-नंबर दिला की काम झालं. इथे आधी विचारतात, कोणत्या सर्व्हरवर राहणार? बरेच लोक इथूनच परत फिरतात. मी तीन गोष्टी पाहिल्या.

एक, त्या सर्व्हरचे नियम. ते पहिल्याच पानावर लिहिलेले असतात. शिवीगाळ, द्वेष, खोटी जाहिरात यांबद्दल ते काय म्हणतात, ते वाचा. वायरलेसच्या जाळ्यात एक नेट कंट्रोल स्टेशन असतं. कोणी कधी बोलायचं, ते तेच ठरवतं. इथे ते काम सर्व्हर चालवणारा करतो. तो कोण आहे, हे कळायलाच हवं.

दोन, सर्व्हरचा खर्च कोण करतं. मॅस्टोडॉनवर जाहिराती नसतात. बहुतेक सर्व्हर देणग्यांवर किंवा चालवणाऱ्याच्या खिशातून चालतात. हिशोब उघड मांडणारा सर्व्हर मला जास्त भरवशाचा वाटला.

तीन, बंद करण्याआधी तो किती दिवसांची सूचना देणार. मॅस्टोडॉनच्या मुख्य संकेतस्थळावर ज्या सर्व्हरांची यादी दिसते, त्यांनी बंद होण्याआधी किमान तीन महिने कळवण्याचं आणि माहितीची रोज प्रत ठेवण्याचं वचन दिलेलं असतं. यादीबाहेरच्या सर्व्हरवर असं बंधन नसतं. मी यादीतलाच एक मध्यम आकाराचा सर्व्हर निवडला. तिथे ‘तुम्हाला इथे का यायचं आहे?’ असा प्रश्न होता. मी लिहिलं, ‘निवृत्त सैनिक, थोडं लिहायचं आहे, जास्त वाचायचं आहे.’ दुसऱ्या दिवशी प्रवेश मिळाला.

पहिला आठवडा: शुकशुकाट

खरं सांगतो, पहिले चार दिवस मला वाटलं, सेट बिघडला आहे. मी लिहिलं, कोणी ‘रॉजर’ म्हणेना. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारतातले पुष्कळ लोक एकदम मॅस्टोडॉनवर आले होते. त्यातले अनेक थोड्याच दिवसांत परतले, ते का, हे मला चार दिवसांत कळलं.

कारण असं. इतर सेवांवर तुम्ही काही न करता समोर ताट वाढून येतं. तुम्ही कशावर किती वेळ थांबता, कशाने चिडता, हे पाहून यंत्र पुढचा घास ठरवतं. मॅस्टोडॉनवर तसा वाढपी नाही. तुम्ही ज्यांना फॉलो केलं आहे त्यांच्या नोंदी, ज्या वेळी लिहिल्या त्याच क्रमाने, नवी वर आणि जुनी खाली. बस. कोणालाच फॉलो केलं नसेल तर ताट रिकामं.

मग मी सेटवर जाळं शोधतात तसं शोधायला लागलो. हॅशटॅग म्हणजे शब्दाआधी # ही खूण. ‘#मराठी’ असं शोधायचं आणि तो हॅशटॅगच फॉलो करायचा. दोन शब्द असतील तर मध्ये जागा न सोडता खालची रेघ द्यायची. आपण नोंद लिहिताना तिची भाषा ‘मराठी’ अशी निवडता येते, म्हणजे भाषेनुसार चाळणी लावणाऱ्यांनाही ती सापडते. दुसऱ्या आठवड्यात मला बडोद्याच्या एक निवृत्त शिक्षिका सापडल्या, त्या पक्ष्यांचे फोटो टाकतात. एक हैदराबादचा तरुण सापडला, तो जुन्या रेडिओंची दुरुस्ती करतो. पंचेचाळीस दिवसांच्या शेवटी मला फॉलो करणारे झाले एकोणतीस. हसू नका. एकोणतीस म्हणजे एका प्लॅटूनला थोडेच कमी! आणि त्यातल्या अकरा जणांशी माझं प्रत्यक्ष बोलणं झालं.

इथे आणखी एक फरक कळला. एखाद्या नोंदीवर चांदणीचं चिन्ह दाबलं तर त्याची सूचना फक्त लिहिणाऱ्याला जाते. नोंद पुढे जायची असेल तर ‘बूस्ट’ करावं लागतं, म्हणजे ‘हे माझ्या ओळखीच्यांनीही वाचावं’ असं मी स्वतः ठरवावं लागतं. यंत्र परस्पर ठरवत नाही. चिडून लिहिलेली नोंद त्यामुळे आपोआप गावभर होत नाही. माझं रक्तदाबाचं यंत्र काही मी बाजूला घेऊन बसलो नव्हतो, पण संध्याकाळी डोकं शांत असायचं, एवढं नक्की.

दोन रीती मला मनापासून आवडल्या. फोटो टाकताना त्याचं वर्णन लिहायची जागा असते. ज्यांना दिसत नाही त्यांचा मोबाइल ते वर्णन वाचून दाखवतो. वर्णनाशिवाय फोटो टाकला तर इथले लोक हळूच आठवण करून देतात. आणि अपघात, आजारपण, मृत्यू असा विषय असेल तर वर एका ओळीची सूचना देऊन बाकी मजकूर झाकता येतो. ज्याला वाचायचं तो उघडतो.

बाहेर पडायची वाट

आता मुख्य परीक्षा. तिसऱ्या आठवड्यात मी मुद्दाम सर्व्हर बदलून पाहिला.

सेटिंगमध्ये जाऊन मी कोणाला फॉलो करतो त्याची यादी सीएसव्ही फाइल म्हणून उतरवून घेतली. ही साधी तक्त्याची फाइल, कुठल्याही संगणकावर उघडते. माझ्या सगळ्या नोंदींचा गठ्ठा वेगळा मागवता येतो, तो सात दिवसांतून एकदा मिळतो. मग दुसऱ्या सर्व्हरवर नवं खातं काढलं. नव्या खात्यात लिहिलं, ‘माझं जुनं खातं ते.’ जुन्या खात्यात लिहिलं, ‘आता मी इथे राहतो.’ हळूहळू मला फॉलो करणारे लोक आपोआप नव्या पत्त्यावर आले. आणि मी ज्यांना फॉलो करत होतो त्यांची यादी त्या फाइलमधून भरली.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, माणसं नव्या घरी आली, जुन्या नोंदी मात्र जुन्याच घरात राहिल्या. त्या बरोबर नेता येत नाहीत. दुसरी त्याहून महत्त्वाची. हे स्थलांतर करायला जुना सर्व्हर चालू असावा लागतो. पोस्टमन गावात असेतोवरच त्याला नवा पत्ता सांगता येतो. सर्व्हर एका रात्रीत बुडाला तर यादीसकट बुडाल. म्हणून यादीची फाइल वेळच्या वेळी उतरवून ठेवायची. मी रविवार ठरवला आहे.

आता मॅस्टोडॉनच्या इतर त्रुटी. खासगी संदेश इथे कुलूपबंद नसतात, सर्व्हर चालवणारा ठरवलं तर वाचू शकतो. तेव्हा बँक, घराचा पत्ता, औषधपाणी, मुलाचं पोस्टिंग, असलं काही तिथे लिहू नका. ज्यांची मुलं फौजेत आहेत त्यांनी तर मुलगा कुठे आहे, सुट्टीवर कधी येणार, हे जाहीर नोंदीतही लिहू नये. पूर्वी आपण पाकिटावर तरी कुठे लिहीत होतो? दुसरं, एका सर्व्हरचा चालक दुसऱ्या सर्व्हरशी संबंध तोडू शकतो. मग त्या सर्व्हरवरचे तुमचे मित्र तुम्हाला दिसेनासे होतात, तुमची काही चूक नसताना. तिसरं, मराठी वस्ती अजून विरळ आहे. रोज ताज्या मराठी गप्पा हव्या असतील तर निराशा होईल.

इतर दोन सेवा, त्याच कसोटीवर

नातीने विचारलं, “ब्लूस्काय आणि थ्रेड्सचं काय?” तीही थोडी पाहिली.

थ्रेड्स ही फेसबुकवाल्या मेटा कंपनीची सेवा, जुलै २०२३ मध्ये आली. इन्स्टाग्रामचं खातं असेल तर आत जाणं सोपं, गर्दीही भरपूर. तिने ॲक्टिव्हिटीपबचे नियम काही प्रमाणात स्वीकारले आहेत, म्हणून थ्रेड्सवरच्या काही माणसांना मॅस्टोडॉनवरून वाचता येतं. पण घर मालकाचंच.

ब्लूस्काय फेब्रुवारी २०२४ मध्ये आमंत्रणाशिवाय सर्वांना खुलं झालं. नोंद ३०० अक्षरांची. त्याची कल्पना फौजी माणसाला चटकन कळेल. आपल्या पत्राचा पत्ता कसा असायचा? नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा पूर्वेला ‘९९ एपीओ’. गावाचं नाव नाही. युनिट लेहला असो की पंजाबात, घरच्यांनी पत्ता बदलायचा नाही. युनिट आत्ता कुठे आहे ते फौजी टपालाच्या बेस पोस्ट ऑफिसला माहीत असायचं, पत्र बरोबर तिथे जायचं. ब्लूस्कायमध्ये प्रत्येक खात्याला असाच एक कायमचा क्रमांक असतो, सर्व्हर बदलला तरी तो बदलत नाही. दिसणारं नाव म्हणून स्वतःच्या मालकीचं डोमेनही लावता येतं. मॅस्टोडॉनचा पत्ता ‘मुक्काम पोस्ट’ पद्धतीचा, ब्लूस्कायचा ‘एपीओ’ पद्धतीचा. कागदावर दुसरी पद्धत चांगली. व्यवहारात मात्र ब्लूस्कायवरची बहुसंख्य खाती अजून त्या एकाच कंपनीच्या सर्व्हरवर आहेत. सोय आहे, पण ती वापरणारे थोडे.

पाच प्रश्न

तेव्हा मित्रांनो, कुठलीही नवी सेवा वापरून पाहताना हे पाच प्रश्न विचारा. एक, ही चालवतो कोण आणि पैसा कुठून येतो? दोन, माझं लिखाण आणि माझ्या ओळखीच्यांची यादी मला उतरवून घेता येते का, आणि ती मी एकदा खरोखर उतरवून पाहिली आहे का? तीन, मी जागा बदलली तर माणसं माझ्यामागे येऊ शकतात का? चार, माझा खासगी संदेश कोण वाचू शकतं? पाच, मला काय दिसावं हे मी ठरवतो की यंत्र?

मॅस्टोडॉनला मी पाचांपैकी साडेतीन गुण देतो. चौथ्या प्रश्नात ते नापास आणि तिसऱ्यात अर्धे पास, कारण माणसं येतात पण नोंदी राहतात. मी तिथे राहणार आहे. पण सहावा एक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर कुठलीच सेवा देऊ शकत नाही. ज्यांच्याशी मी रोज बोलतो, त्यांचा फोन नंबर माझ्या वहीत आहे का?

रेझिंग डेनंतर त्या हवालदारांकडून मी सुभेदारसाहेबांच्या मुलाचा नंबर मिळवला आणि फोन केला. उशिरा कळल्याबद्दल माफी मागितली. म्हटलं, “तुमच्या वडिलांच्या सकाळच्या ओळी आता कुठेच उरल्या नाहीत, याचं फार वाईट वाटतं.” मुलगा म्हणाला, “नाही साहेब, आहेत की. आण्णा आधी वहीत लिहायचे, तारीख-वेळ टाकून, आणि मग मोबाइलवर टाकायचे. चार वह्या भरल्यात.”

मित्रांनो, रेडिओ ऑपरेटर लॉग ठेवतो. आलेला-गेलेला प्रत्येक संदेश, वेळेसकट. हा नियम मीच कधीतरी त्यांच्या तुकडीला शिकवला असेन. त्यांनी तो निवृत्तीनंतरही पाळला आणि मी विसरलो.

आता रोज सकाळी मी मॅस्टोडॉनवर महूच्या हवेची एक ओळ लिहितो. आधी वहीत, मग मोबाइलवर. आणि त्या अकरा जणांपैकी नऊ जणांचे फोन नंबर त्याच वहीच्या शेवटच्या पानावर आहेत. बाकीच्या दोघांना या रविवारी विचारणार आहे.

तुम्हीही आज एक काम करा. ज्यांच्या नोंदीवर तुम्ही रोज बदाम दाबता, त्यातल्या एकाला फोन करा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद!